दाजींचा बॅकअप

माणूस साधारणपणे एका घराचा जावई असतो. दाजी एका दुकानाचे होते. दुकान पडद्यांचं, बायकोच्या मोठ्या भावाचं, म्हणजे दादांचं. भाऊ त्यांना दाजी म्हणायचा म्हणून कटिंगचे मास्तर दाजी म्हणायला लागले, मास्तर म्हणायचे म्हणून शिलाईच्या बायका, आणि पुढे पुढे तर पाण्याचे जार टाकणारा, कुरियरवाला, समोरच्या चष्म्याच्या दुकानातला म्हातारासुद्धा. एवढ्या मोठ्या सासरवाडीचा मान सांभाळणं सोपं नाही. दाजींनी तो कितीतरी वर्षं सांभाळला, आणि तोही अशा कामाच्या जोरावर, जे त्यांना येत नव्हतं.

त्याआधी ते कॅसेटच्या कारखान्यात सुपरवायझर होते. जगानं कॅसेट ऐकायचं सोडलं ही बातमी कारखान्याच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळली, आणि दाजींना त्याच्याही नंतर. मग ते घरी बसले. घरी बसलेल्या पुरुषाला घरातल्या वस्तूंमध्ये दोष दिसायला लागतात. दाजींनी नळ दुरुस्त केला, मग प्लंबर बोलवावा लागला. मिक्सर दुरुस्त केला, मग नवा घ्यावा लागला. नंतर त्यांनी दुरुस्त्याही सोडल्या आणि नुसते खिडकीपाशी बसायला लागले. त्यांची बायको, म्हणजे ताई, भावाच्या दुकानात बिलं आणि मापं बघायची. ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा सकाळचा पेपर सकाळच्याच पानावर असायचा. दोन वर्षं असं चाललं. यातलं नळाचं आणि मिक्सरचं ताई सगळ्यांना हसून सांगायची, खिडकीचं कुणालाच सांगायची नाही.

पडदेवाल्यांची एक खोड असते, त्यांना उघडं काही बघवत नाही. शिलाईच्या खोलीत जे तुकडे उरायचे, त्यांतून दुकानातल्या प्रत्येक वस्तूला कपडे शिवले जायचे. फोनला झालर, पाण्याच्या जारला झालर. कटिंगच्या टेबलाखाली मुख्य कॉम्प्युटर होता, आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या खिडक्यांची मापं त्याच्या पोटात होती. त्याला मानाचं म्हणून दुहेरी अस्तराचं, पुढे चुण्या घातलेलं कव्हर होतं. कापड असं की उन्हाची तिरीप आरपार जायची नाही. वारा जायचा तर प्रश्नच नव्हता.

दुपार झाली की तो कॉम्प्युटर बंद पडायचा.

अशाच एका दुपारी ताई डबा घरी विसरली म्हणून दाजी तो घेऊन दुकानात आले. टेबलाभोवती सगळे जमले होते, दादा कपाळाला हात लावून बसले होते, दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "बघू," दाजी म्हणाले, कारण हातात डबा घेऊन उभं राहण्यापेक्षा काहीतरी म्हटलेलं बरं. ते खाली वाकले, कव्हर काढलं, ते मांडीवर घेतलं आणि यंत्राकडे एकटक बघत बसले. काय बघत होते ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

"दाजींच्या हाताला गुण आहे," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी जाताना दाजी शीळ घालत होते. ताईने ती शीळ दोन वर्षांत ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती भावाशी काय बोलली कुणास ठाऊक, पण त्याच आठवड्यात दाजी दुकानात रुजू झाले. काम काय, तर कॉम्प्युटरचं सगळं बघायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण या गाईने पुढे गोठाही स्वतःच बांधायला घेतला.

सुरुवात वायरींपासून झाली. दुकानात रॉड आणि कड्या घरच्याच. दाजींनी सगळ्या वायरी पडद्याच्या कड्यांमधून ओवल्या आणि रॉडवरून भिंतभर फिरवल्या. काम मोठं देखणं झालं. फक्त शोरूममधला निळा मखमली पडदा आणि ताईच्या बिलाच्या कॉम्प्युटरची वायर यांचा रॉड एकच निघाला. गिऱ्हाइकाने पडदा ओढून बघितला की आत बिल अर्ध्यावर अडकायचं. दाजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी त्या पडद्यावर पाटी लावली, 'हा पडदा ओढू नये'. पडदे विकायच्या दुकानात असली पाटी बघून गिऱ्हाइकं चक्रावायची, आणि दाजी त्यांना तांत्रिक कारण आहे म्हणून सांगायचे.

आणि मग शनिवारचा बॅकअप. मुख्य कॉम्प्युटर जळालाबिळाला तर खिडक्यांची मापं जायला नकोत, म्हणून दर शनिवारी दुपारी चहाच्या आधी दाजी हात वर करायचे. शिलाईची मशिनं थांबायची, मास्तर कात्री खाली ठेवायचे. दाजी आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर बसून स्क्रीनवरचं 'सगळी मापं' असं लिहिलेलं पिवळं चित्र उचलायचे आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकायचे. कामाला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश लागायचा. एवढ्या खिडक्या इतक्या चटकन कशा जातात, याचं श्रेय ते स्वतःच्या नियोजनाला द्यायचे. मग खात्री म्हणून पेन ड्राइव्हमधलं ते चित्र तिथल्या तिथे उघडायचे. सगळ्या खिडक्या ओळीनं दिसायच्या. "झालं," ते म्हणायचे, आणि चहा यायचा. पेन ड्राइव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा आणि डबा घरी, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. दुकानाला आग लागली तर काय, असा त्यामागे विचार होता. आग काही लागली नाही. दाजी तेही बॅकअपच्याच खात्यात धरायचे.

तर गाडं असं सुरळीत चाललेलं असताना एका हॉटेलची मोठी ऑर्डर यायची चिन्हं दिसायला लागली. सगळ्या मजल्यांचे, सगळ्या खोल्यांचे पडदे. हॉटेलचा माणूस येऊन कापड बघून गेला, भाव ठरवून गेला, आणि जाता जाता म्हणाला, "आमच्या इमारतीचे नकाशे तुमच्या कॉम्प्युटरवर येणार. तेवढे ते कॉम्प्युटर कुणाकडून तरी तपासून, नीट लावून घ्या. मग बोलू." दादांनी मान हलवली आणि दाजींकडे बघायचं टाळलं.

"तपासायचंय काय त्यात?" तो माणूस गेल्यावर दाजी म्हणाले. "मी असताना बाहेरचं माणूस कशाला?"

"तुम्ही आहातच हो, दाजी. एक बाई येतील, बघतील आणि जातील. तुमच्या हाताखालीच समजा ना."

दाजींनी तसं समजायचा प्रयत्न केला. पण घरी गेल्यावर जेवताना त्यांनी ताईला विचारलंच, "मला काढणार का गं हे?"

"तुम्हाला कोण काढणार? जावयाला कधी कुणी काढतं का?"

ताई धीर द्यायला बोलली आणि नेमकं वर्मावर बोट ठेवून गेली. जावई म्हणून पुढे येणारा चहा वेगळा आणि कामाचा माणूस म्हणून येणारा वेगळा. दाजींना आयुष्यात आता दुसऱ्या चहाखेरीज काही नको होतं. तो आपल्याला मिळतो अशी त्यांची समजूत होती. ती समजूत मोडली तर पुन्हा त्या खिडकीपाशी जाऊन बसावं लागेल, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. तरी ते पोळी संपेपर्यंत उठले नाहीत.

तपासणीची तयारी म्हणून त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरना नवी कव्हरं शिवून घेतली. इस्त्री करून.

तपासणीवाल्या बाई चाळिशीच्या पुढच्या होत्या. पाठीला सॅक, पायात साधे बूट, बोलणं मोजकं. दाजींनी कुणीतरी फाडफाड बोलणारं, कोटबिट घातलेलं येईल असं धरलं होतं आणि त्याला गप्प करायची दोन-तीन वाक्यंही तयार ठेवली होती. ती वाया गेली.

"किती कॉम्प्युटर आहेत?" बाईंनी विचारलं.

"पाच," दादा म्हणाले. "सात," आतून ताई म्हणाली. "पाच-सात," दाजी जाणकारासारखे म्हणाले. मोजल्यावर नऊ निघाले. एकावर शिलाईच्या बायका गरम इस्त्री ठेवायच्या. एक माळ्यावर कापडाच्या ताग्यांमागे होता आणि चालू होता. तो काय करतो हे कुणालाच सांगता येईना. "तो राखीव आहे," दाजी म्हणाले.

पासवर्ड विचारल्यावर त्यांनी बाईंना भिंतीशी नेलं, इकडे तिकडे बघितलं आणि कानाशी लागून हळूच सांगितला. बाईंनी तो टाकला, चालला नाही. "पहिलं अक्षर मोठं!" पलीकडच्या खोलीतून मास्तर ओरडले. "आणि शेवटी एक-दोन-तीन," शिलाईवाल्यांपैकी एकीने मशीन न थांबवता भर घातली. बाई काही बोलल्या नाहीत. दाजींच्या मते हाच त्यांचा मोठा अवगुण होता.

शोरूममध्ये आल्यावर त्यांनी आधी पाटी वाचली आणि मग निळा पडदा सर्रकन ओढला.

"अहो, पडदा!" आतून ताईची आरोळी आली.

बाईंनी मान वर करून रॉड बघितला, कड्या बघितल्या, कड्यांतून ओवलेल्या वायरी बघितल्या. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कौतुक आहे की काय याचा अंदाज न आल्यामुळे दाजींनी छतावरची पाल बघितल्यासारखं केलं.

मुख्य कॉम्प्युटरपाशी मात्र सुटका नव्हती. बाईंनी चुण्यांवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"हा दुपारी बंद पडतो का?"

"पडतो ना. मग मी बघतो."

"काय बघता?"

"म्हणजे... आधी कव्हर काढतो."

"आणि?"

"आणि बघतो."

बाईंनी कव्हर काढलं, घडी घातली आणि दाजींच्या हातात दिली. "हे पुन्हा घालू नका. मग बघावं लागणार नाही. यंत्राला वारा लागतो." मास्तर गळ्यातली टेप फारच लक्ष देऊन गुंडाळायला लागले. इतक्या वर्षांचा हाताचा गुण चौघांदेखत कापडाच्या एका घडीत गुंडाळला गेला. दाजी दिवसभर ती घडी काखेत घेऊन फिरत होते, कारण ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचलं नाही.

पण अजून बॅकअप होता. हुकमाचं पान त्यांनी राखून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा डबा घेऊन आले, तो बाईंसमोर ठेवला आणि झाकण उघडलं. आत पेन ड्राइव्हच पेन ड्राइव्ह, प्रत्येकावर चिठ्ठी. दोघंच होते तिथे, बाकीचे आत कामात होते.

"दर शनिवारी," दाजी म्हणाले. "एकही चुकवला नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला. त्यांनी एक पेन ड्राइव्ह उचलून आपल्या लॅपटॉपला लावला. पिवळं चित्र दिसलं. उघडलं तर उघडेना. दुसरा लावला, तोही तसाच. तिसरा, चौथा.

"तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघाड आहे," दाजी म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांनी तो पेन ड्राइव्ह स्वतःच्या कॉम्प्युटरला लावला आणि चित्र उघडलं. सगळ्या खिडक्या ओळीनं हजर. "बघा!"

बाईंनी वाकून त्या कॉम्प्युटरची मुख्य कॉम्प्युटरकडे जाणारी वायर काढली. "आता उघडा."

दाजींनी उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं.

"हे चित्र म्हणजे नुसती पाटी आहे हो," बाई सावकाश म्हणाल्या. "माल तिकडे टेबलाखालच्या यंत्रात. पाटी इथे बसून तिकडे बोट दाखवते, म्हणून इथे सगळं दिसतं. दुकानाची पाटी उचलून घरी नेली म्हणून दुकान घरी येत नाही."

दाजींनी डब्यात बघितलं. इतक्या शनिवारी सगळ्यांना थांबवून, हात वर करून, त्यांनी पाट्या गोळा केल्या होत्या. आता ही बाई दादांना सांगणार, दादा काही म्हणणार नाहीत, आणि ते काही न म्हणणं आपल्याला जन्मभर ऐकावं लागणार.

"पण घाबरू नका," बाई म्हणाल्या. "तुमचा दुसरा बॅकअप आहे ना, तो उत्तम आहे."

"दुसरा?"

"बिलाच्या टेबलाखाली एक डिस्क आहे, डब्याच्या पिशवीमागे. दर शनिवारी चहाच्या वेळेला सगळी मापं तिच्यात जातात, खरीखुरी. मी काल तपासली, अगदी चोख काम आहे. छोट्या दुकानात असं बघायला मिळत नाही. तुम्हीच घेता ना तो?"

बिलाचं टेबल ताईचं. दर शनिवारी झाकण लावून दाजी डबा घेऊन बाहेर मास्तरांबरोबर चहाला जायचे तेव्हा ताई म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, माझं एक बिल राहिलंय." दर शनिवारी नेमकं एकच बिल राहायचं, आणि या गोष्टीचं दाजींना कधी नवल वाटलं नव्हतं.

"हो," दाजी म्हणाले. "मीच घेतो."

तोंडातून निघून गेलं. बुडत्याने काडी पकडावी आणि ती बायकोची निघावी, तरी सोडवत नाही.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना कटिंगच्या टेबलाभोवती बोलावलं. पसारा आहे, त्या म्हणाल्या, वायरी काढायला हव्यात, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड हवा, इस्त्रीला दुसरी जागा हवी. आठवडाभरात आवरून होईल. "आणि एक चांगली गोष्ट. तुमची मापं सुरक्षित आहेत. काही झालं तरी एक खिडकी जायची नाही. त्याचं श्रेय यांना," असं म्हणून त्यांनी दाजींकडे हात केला.

कुणी काही बोललं नाही. मग दादा घाईने म्हणाले, "हो, हो, दाजी म्हणजे काय, प्रश्नच नाही." मास्तर म्हणाले, "गुणच आहे हाताला." शिलाईच्या बायकांनी माना डोलावल्या. ताईने मान वर केली नाही. ती एका बिलावर काहीतरी लिहीत होती, आणि दाजी जिथे उभे होते तिथून ते बिल कोरं दिसत होतं.

एकानेही डोळा मारला नाही. एखादा जरी गालात हसला असता तरी दाजींचं निभावलं असतं. पण ही शांतता सरावाची होती. कुणाला धक्का बसला नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रत्येकाला आपापलं वाक्य पाठ होतं. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आजचं नव्हे, केव्हापासूनचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण दाजींची मूठ झाकायला अख्खं दुकान राबत होतं, आणि दर शनिवारी कात्री खाली ठेवून त्यांची गंमत सांभाळत होतं. त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"मी नाही," दाजी म्हणाले.

"काय?" बाईंनी विचारलं.

"तो बॅकअप मी घेत नाही. ही घेते." त्यांनी ताईकडे बोट केलं. "माझ्या डब्यात नुसत्या पाट्या आहेत. ज्याला बघायच्या त्याने बघा. कॉम्प्युटर कोण सांभाळतं असं तुम्हाला कुठे लिहायचं असेल, तर हिचं नाव लिहा."

"दाजी, असू द्या हो, त्यात काय एवढं," दादा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, दादा?"

दादांनी पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

दोघं घरी निघाले. चष्म्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने "काय दाजी!" म्हणून हात केला, दाजींनी तो बघितला नाही.

"कधीपासून?" निम्म्या रस्त्यात त्यांनी विचारलं.

"मागे तो शोरूममधला कॉम्प्युटर जळाला होता ना, तेव्हा मी फळीवरून तुमचा पेन ड्राइव्ह घेतला होता. मुख्य यंत्राला न जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तर काहीच नाही."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. त्याच दिवशी तुम्ही शीळ घालत घरी आलात."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला खेळवलंत. पोराला मांडीवर घेऊन गाडी चालवायला देतात तसं. त्याला वाटतं तोच चालवतोय!"

ताई रस्त्यातच थांबली. "मग काय करायला हवं होतं मी? तुम्ही ते दिवस विसरला असाल, मी नाही विसरले. दार उघडून आत यायची भीती वाटायची मला, तुम्हाला त्या खिडकीत बघायचं म्हणून." तिचा आवाज फुटला, आणि फुटला याचाच तिला राग आला. "आणि फुकट नाही केलं काही! इतक्या वर्षांत शनिवारचा चहा मी एकदा तरी गरम प्यायलेय का, सांगा!"

दाजींना राग आला होता, खराच आला होता. तरी त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी दुकान आवरलं. वायरी रॉडवरून उतरून भिंतीच्या कडेने गेल्या. माळ्यावरचा कॉम्प्युटर बंद केला तर कुणाचं काहीच अडलं नाही. शिलाईच्या बायकांनी नव्या कव्हरांच्या पिशव्या केल्या. निळा पडदा कुणीही यावं आणि ओढावं असा झाला, आणि चार दिवसांत विकलाही गेला. ताईला नवा पासवर्ड मिळाला, तो तिने कुणालाच सांगितला नाही, भावालाही नाही. दाजी मात्र वेळेवर यायचे, खुर्चीत बसायचे, उठून उभे राहायचे. त्यांच्या टेबलावर आता दिवसभर काही बिघडत नव्हतं.

हॉटेलवाल्यांनी होकार कळवला. पहिल्या मजल्याच्या खिडक्या मोजायला माणूस पाठवा म्हणाले. मास्तर कटिंगमध्ये अडकलेले.

"मी जातो," दाजी म्हणाले.

"तुम्ही कशाला उन्हातान्हात, दाजी? तुम्हाला इथे केवढं..." दादा बोलता बोलता थांबले. इथे त्यांना काहीच नव्हतं, आणि हे आता उघड होतं.

"मास्तर," दाजी म्हणाले, "टेप कशी धरायची ते दाखवा जरा."

मास्तरांनी दाखवली. दाजी गेले, घामाघूम होऊन परत आले आणि मापं ताईसमोर ठेवली. ती भरून घेत असताना दाजी पाणी पीत होते, आणि पेल्याच्या कडेवरून त्यांना दिसलं. दादांनी मास्तरांकडे बघून डोळे किंचित मिटले, मास्तरांनी मान किंचित हलवली. उद्या सकाळी मास्तर गुपचूप जाऊन सगळ्या खिडक्या पुन्हा मोजून येणार होते. सवय काही एका आठवड्यात जात नाही.

दाजींनी पेला खाली ठेवला. "मास्तर, उद्या तिकडे जाणार असाल तर मी पण येतो."

"मी? मी कुठे जातोय?"

"जाणार आहात. जा, बेशक तपासा. पैसा दादांचा आहे, कापड एकदा कापलं की कापलं. पण तपासायचं तर माझ्यादेखत तपासा. माझ्यामागून आता काही करू नका." "ताई, तूसुद्धा," ते म्हणाले. स्वतःच्या बायकोला त्यांनी दुकानातल्या सगळ्यांसारखी ताई म्हणून हाक मारली, इतके ते गडबडले होते. या वेळी मात्र कुणाला हसू आवरलं नाही, आणि सगळ्यात आधी ताई हसली.

सकाळी दोघं गेले. मास्तर मोजायचे, दाजी कालचा आकडा वाचायचे. पहिली खिडकी बरोबर. दुसरी बरोबर. गोष्ट इथे संपवली असती तर दाजींना आवडलं असतं, पण कोपऱ्यातल्या मोठ्या खिडकीपाशी मास्तर घुटमळले. त्यांनी पुन्हा टेप लावली, घसा खाकरला, छताकडे बघितलं.

"तसं काही नाही... चुण्यांमध्ये जाईल जिरून."

"चुकलं का?"

"चुकलं असं नाही म्हणता यायचं, दाजी..."

"मास्तर."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग टेप खाली सोडली. "साफ चुकलंय," ते म्हणाले. "इथे रॉडऐवजी चौकट मोजलीत तुम्ही. पडदा चौकटीला लावतात का? रॉडपासून मोजायचं असतं. असा पडदा शिवला असता तर जमिनीपासून वीतभर वर लोंबला असता, आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या."

दाजींचा चेहरा उतरला. पण त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही 'तांत्रिक कारण' म्हटलं नाही. मग त्यांनी मास्तरांच्या हातातली टेप घेतली, शिडी खिडकीला टेकवली आणि वर चढायला लागले.

"अहो, अशी लावतात होय शिडी?" मास्तर खच्चून ओरडले. "डोकं आहे की नाही? उतरा आधी खाली!"

दाजी मुकाट्याने खाली उतरले, शिडी नीट लावली आणि पुन्हा चढले.